मागील बाकी

उन्हाळ्याची सुट्टी आणि हळदीचा हंगाम एकाच वेळी येतात. शाळेने आणि शेताने वेळापत्रक ठरवताना एकमेकांना कधी विचारलेले नाही. जानेवारी-फेब्रुवारीत शेतातून निघालेली हळद शिजून, वाळून, घासून बाजारात येऊ लागते आणि एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या छताला टेकतात. नेमके त्याच दिवसांत मुलांचे निकाल लागतात, दप्तरे खुंटीला अडकतात आणि घरोघरी एकच प्रश्न निघतो: यंदा कुठे जायचे?

नोकरदाराच्या घरी या प्रश्नाचे उत्तर रजेच्या अर्जावर अवलंबून असते. व्यापाऱ्याच्या घरी रजेचा अर्ज द्यायचा कोणाला? पेढी हीच मालक आणि पेढी हीच मालकीण. ती कोणालाही ‘जाऊ नका’ असे म्हणत नाही. पण सौदे सुरू असतात, शेतकरी दाराशी बसलेला असतो, परगावच्या खरेदीदाराचा ट्रक भरायचा राहिलेला असतो. म्हणून व्यापारी घराण्यांत सहल ठरते, तेव्हा कोण जाणार याच्या आधी कोण राहणार हे ठरते.

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या एका जैन अडत्याच्या घरातील ही हकीकत आहे. ती एका सहलीची आहे आणि त्या सहलीला न गेलेल्या मुलाचीही आहे.

आधी तीर्थ, मग पाळणा

त्या घरात १९९५ पर्यंत सहल या शब्दाचा अर्थ तीर्थयात्रा असाच होता. सुट्टीत एक दिवस कुंभोजच्या बाहुबलीला जायचे. डोंगराच्या पायथ्याशी १९६३ मध्ये उभारलेल्या अठ्ठावीस फुटी मूर्तीचे दर्शन घ्यायचे, धर्मशाळेत जेवायचे आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचे. फार झाले तर श्रवणबेळगोळ. गावच्या जत्रेत लाकडी पाळणा असे. पण त्यात बसणे ही यात्रेची जोड होती, यात्रेचे कारण नव्हते.

१९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि मुलांच्या बोलण्यात नवे ठिकाण आले. हरियाणातील धान्याचा व्यापार करणाऱ्या घराण्यातून आलेल्या सुभाषचंद्र यांच्या एस्सेल समूहाने ते उभारले होते. दिल्लीत १९८४ पासून अप्पूघर होते. परंतु दिल्ली दूर. गोराई मात्र महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या एका रात्रीवर होती. दूरदर्शनवरील जाहिरात घरातल्या सहा मुलांना पाठ झाली, आणि मग ती हळूहळू मोठ्यांनाही पाठ झाली.

घराचे कर्ते आजोबा. त्यांना घरात आणि बाजारात सगळे आप्पा म्हणत. सहलीचा विषय निघाला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “पैसे देऊन भीती विकत घ्यायची?” श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडव्रत सांगितले आहे. ज्या कृतीने कोणाचेच काही साधत नाही, ती टाळावी असा त्याचा आशय. तोंड खाली आणि पाय वर करून गरगर फिरण्याने काय साधते, हे आप्पांना कोणी समजावून देऊ शकले नाही.

तोड आजींनी काढली. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाजवळ पोदनपूरचे त्रिमूर्ती मंदिर आहे. भगवान आदिनाथ आणि त्यांचे पुत्र भरत व बाहुबली यांच्या भव्य मूर्ती तेथे शेजारी शेजारी उभ्या आहेत. गोराईची खाडीही बोरिवलीहूनच ओलांडावी लागते. आजी म्हणाल्या, “मला त्रिमूर्तीचं दर्शन घडवा. पोरांना पुढं कुठं न्यायचं ते न्या.” आप्पा हसले. आजींनी सौदा पुरा केला होता.

एक तिकीट कमी

ठरले ते असे. आजी, दोन्ही सुना, सहा मुले आणि सोबत दोघे भाऊ, म्हणजे अण्णा आणि काका, यांनी तीन दिवसांसाठी जायचे. पेढीवर आप्पा आणि दिवाणजी राहणार होते. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढू लागला होता; पण माल पारखायला त्यांना बोटे पुरत. हळदीचे कांडे मोडून त्याच्या आवाजावरून ते वाळवण सांगत. लिहिण्याचे काम दिवाणजींचे.

निघायच्या दोन दिवस आधी दिवाणजी तापाने अंथरुणाला खिळले.

रोजमेळ कोण लिहिणार? शेतकऱ्याला हिशेबपट्टी कोण करून देणार? हंगामात एक दिवसाची पट्टी चुकली, तर पुढले आठ दिवस निस्तरण्यात जातात. त्या संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत अण्णा म्हणाले, “मी राहतो. पोरांना घेऊन धाकटा जाईल.”

कोणी काही बोलले नाही, कारण यात नवे काहीच नव्हते. अण्णांनी लग्नानंतरच्या सतरा वर्षांत पेढीवरून सलग दोन दिवस सुट्टी घेतली नव्हती. बाहुबलीलाही ते सकाळी सोडायला येत आणि संध्याकाळी न्यायला येत.

तेव्हा त्यांचा थोरला मुलगा बोलला. त्याचे वय पंधरा. मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली होती आणि निकाल यायचा होता. त्याचे अक्षर घरात सर्वांत नेटके, आणि मागच्या दोन सुट्ट्यांत त्याने दिवाणजींच्या शेजारी बसून पट्ट्या लिहिल्या होत्या. तो म्हणाला, “मी राहतो आप्पांजवळ. अण्णा, तुम्ही जा.”

आईने नको म्हटले. आजींनी नको म्हटले. अण्णा काही बोलले नाहीत. आप्पांनी ताटावरून मान वर केली, नातवाकडे थोडा वेळ पाहिले आणि विचारले, “नंतर रडशील?”

“नाही.”

“बरं,” आप्पा म्हणाले. विषय संपला.

खाडीपलीकडे

रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मंडळी निघाली. मुंबईत सी. पी. टँकजवळच्या हिराबाग धर्मशाळेत उतरली. दुसऱ्या दिवशी पहाटे चर्नी रोडहून लोकल धरून बोरिवली गाठली. त्रिमूर्तीपुढे आजी अर्धा तास बसल्या. मुलांनी तेवढा वेळ शांतता पाळली. इतकी शांतता त्यांनी पुन्हा कधी पाळल्याची नोंद नाही.

मग खाडीचा धक्का आणि लाँच. सांगलीच्या मुलांनी कृष्णेत नाव पाहिली होती, पण नावेला इंजिन असते आणि पाण्याला मिठाचा वास असतो हे त्यांना नवे होते. धक्क्यावरच डबे उघडले गेले: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचे, आणि गाळून उकळून बरोबर घेतलेले पाणी. आत गेल्यावर काय मिळेल, त्यात काय घातलेले असेल, याची खात्री कोणी द्यावी?

तिकीटखिडकीजवळ उंची मोजायची पट्टी होती. अशा उद्यानांत मुलाचे तिकीट वयावर नसते, उंचीवर असते. कारण पाळण्याच्या दांडीत मूल घट्ट बसते की नाही, हे वयाला कळत नाही. काकांच्या मुलाचे डोके पट्टीवरच्या खुणेला जेमतेम लागत होते. काकांनी हळूच सांगितले, “गुडघे जरा वाकव.” मुलाने वाकवले. मागून आजींचा आवाज आला, “वाकू नको. जेवढा आहेस तेवढा उभा राहा.” मूल सरळ झाले. पूर्ण तिकीट पडले. काकांनी ते मुकाट्याने काढले आणि पुढची अनेक वर्षे घरात कोणी हिशेबात चलाखी केली की ‘गुडघे सरळ’ एवढेच म्हटले जाई.

आतला दिवस कसा गेला, हे प्रत्येक मुलाने वेगवेगळे सांगितले. एकाला टकरा घेणाऱ्या मोटारी आठवत, एकीला साखळ्यांनी टांगलेल्या खुर्च्या. पण एका गोष्टीवर पाचही मुलांचे एकमत होते. अण्णा पाळण्यात बसले. आधी नको नको म्हणाले, मग धाकटीने हात धरून ओढल्यावर गेले, आणि खाली उतरल्यावर पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले. कोणी सांगितले नव्हते.

मे महिन्यात मुंबईला सूर्य सातच्या सुमारास मावळतो. त्याआधी खाडी ओलांडून, डबे संपवून तोंड धुवायचे होते. मुलांना वाटे, दिवस आत्ताच सुरू झाला आहे. पण साडेपाचला आजी उठल्या आणि सगळे उठले. परतीच्या लाँचवर शेवटच्या दशम्या वाटल्या गेल्या तेव्हा पाण्यावर ऊन होते. त्याच किनाऱ्यावर आता जागतिक विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसतो. २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आरडाओरडा करायला आणि मौन पाळायला लोक एकाच दिशेने खाडी ओलांडू लागले. १९९५ मध्ये मात्र तेथे झाडेच होती.

गादीवरचा मुलगा

इकडे सांगलीत थोरल्याने तीन दिवसांत पट्ट्यांचे दीड पुस्तक लिहिले. पहिल्या दिवशी एका पट्टीत तोलाई धरायची राहिली. शेतकऱ्यानेच ती दाखवून दिली. दुपारी यार्डात ऊन कडक होई आणि हळदीची धूळ घामावर बसे. दिवस कलायच्या आत आप्पा आणि तो घरी येत. जन्मात चुलीपाशी न गेलेले आप्पा दूध तापवत आणि आजींनी ठेवलेल्या दशम्या दोघे दुधात कुस्करून खात. एकदा दूध उतू गेले. ते कोणाला सांगायचे नाही, असे ठरले.

जी करमणूक त्या मुलाच्या वाट्याला आली नाही, ती ज्याच्या कल्पनेतून आजच्या स्वरूपात जगभर पसरली, त्या माणसाचे बालपणही अशाच घरात गेले होते. वॉल्ट डिस्ने यांचे वडील इलायस यांनी १९११ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहरात वर्तमानपत्रे वाटण्याचा एक मार्ग विकत घेतला. वॉल्ट तेव्हा दहा वर्षांचाही नव्हता. तो आणि त्याचा मोठा भाऊ रॉय पहाटे साडेतीनच्या सुमारास उठत, बर्फातून घरोघर अंक टाकत, आणि मग शाळेत जात. सुमारे सहा वर्षे हे चालले. घरच्या धंद्यात घरच्या मुलाला मजुरी कसली, असा वडिलांचा हिशेब होता. एखाद्या गिऱ्हाइकाचा अंक टाकायचा राहून गेला, अशी स्वप्ने वॉल्ट डिस्ने यांना पुढे प्रौढपणीही पडत. त्यांच्या घरापासून जवळच इलेक्ट्रिक पार्क नावाचे दिव्यांनी झगमगणारे करमणूक उद्यान होते.

पुढे चित्रपटांत नाव आणि पैसा मिळाल्यावर ते आपल्या दोन्ही मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये घेऊन जात. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसत आणि वडील बाकावर बसून शेंगदाणे खात. त्या बाकावर त्यांच्या मनात आले की, आईवडील आणि मुले यांनी मिळून मौज करावी अशी एखादी जागा असायला हवी. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे, संत्र्यांच्या बागा तोडून मोकळ्या केलेल्या १६० एकर जमिनीवर डिस्नेलँड उघडले. पहिला दिवस फजितीचा होता. खोटी तिकिटे घेऊन गर्दी घुसली आणि नव्या डांबरात स्त्रियांच्या बुटांच्या टाचा रुतल्या. तरीही कल्पना टिकली, कारण तिच्या मुळाशी पाळणा नव्हता. बाकावर एकटा बसलेला बाप तिच्या मुळाशी होता.

व्यापारी घरांना हा बाक ओळखीचा आहे. फक्त आपल्याकडे तो उद्यानात नसतो, पेढीवर असतो.

वहीतील एक ओळ

मंडळी परत आली. छत्तीस फोटोंचा रोल धुऊन आला. त्यातील एक फोटो थोरल्याने मागून घेतला. त्यात अण्णा पाळण्यात बसलेले आहेत, केस उडालेले, डोळे मिटलेले, तोंड उघडे. ते हसत आहेत. मुलाने वडिलांना असे हसताना कधी पाहिले नव्हते, आणि आताही कागदावरच पाहिले. तो फोटो पेढीच्या गल्ल्यात, जुन्या पावत्यांच्या खाली, वर्षानुवर्षे राहिला.

त्या घरात पेढीच्या वह्यांखेरीज घरखर्चाची एक वेगळी वही असे. सरकारी हिशेबाचे वर्ष मार्चअखेर संपते. पण घरची वही दिवाळीतच बदले. महावीर निर्वाणाच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, नवे वीर निर्वाण संवत घालून आप्पा ती स्वतः मांडत. चार वर्षांनी त्यांना अक्षर अजिबात दिसेनासे झाले तेव्हा त्यांनी हे काम थोरल्याकडे दिले. जुन्या वहीतील बाक्या नव्या वहीत उतरवताना त्याला आपल्याच नावाचे एक खाते आढळले. आप्पांच्या मोठ्या, थरथरत्या अक्षरांत जमेच्या बाजूला लिहिले होते: ‘सहल राहिली त्याबद्दल’. खाली एका तिकिटाची आणि प्रवासखर्चाची रक्कम. त्याखाली प्रत्येक पाडव्याला धरलेले दर साल दर शेकडा बारा टक्के व्याज, मुद्दलात मिळवलेले.

थोरला म्हणाला, “आप्पा, हे खोडून टाकू का? मी काही मागितलं नव्हतं.”

आप्पा म्हणाले, “मागितल्यावर देणं होत नाही. देणं असतंच. फिटेपर्यंत पुढं न्यायचं.”

त्याने ओळ उतरवली. पुढच्या पाडव्याला पुन्हा उतरवली. दरवर्षी आपल्याच हाताने आपलेच येणे, आपल्याच घराच्या नावावर, ‘मागील बाकी’ म्हणून.

पैसे काढून घेणे सोपे होते. एका सह्यानिशी खाते पुरे झाले असते. पण आप्पांनी ते पैशांत फेडायचे ठरवलेच नव्हते, आणि सुट्टीत फेडायला कोणाला सवड नव्हती. दिवाणजी निवृत्त झाले. काकांनी वेगळी पेढी घातली. थोरल्याचे लग्न झाले, धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी गावभागात शिरले आणि सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे पाण्याखाली गेली. जमिनीच्या पोटातील ज्या पेवांत हळद वर्षानुवर्षे कोरडी राहत असे, त्यांतील माल चिखल झाला. घरात पाणी चढू लागले तेव्हा दिसत नसलेल्या आप्पांनी आधी वह्या माळ्यावर चढवायला लावल्या आणि त्या मोजून घेतल्या. त्या वर्षी कित्येक येणी बुडीत लिहावी लागली. घरच्या वहीतील ती ओळ मात्र पाडव्याला नव्या पानावर आली.

२००९ मध्ये आप्पा गेले. त्यानंतर थोरलाच घराचा व्यवहार पाहू लागला. आता धनको तोच आणि ऋणकोही तोच.

पेढी बंद

२०१३ च्या एप्रिलमध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ खोपोलीला इमॅजिका हे नवे उद्यान सुरू झाले. घरात पुन्हा जाहिरात पाठ झाली, या वेळी पुढच्या पिढीला. पुन्हा मे महिना, पुन्हा हंगाम. पुन्हा संध्याकाळच्या पंगतीत तोच प्रश्न निघाला: कोण राहणार?

धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, तुम्ही सगळे जा. मी राहतो.”

थोरला जेवता जेवता थांबला. त्याने मुलीला आतून घरची वही आणायला सांगितली आणि ते पान सर्वांसमोर वाचून दाखवले. आजी आणि अण्णा सोडले तर त्या ओळीबद्दल कोणालाच माहिती नव्हती. बारा टक्के चक्रवाढीने रक्कम सहा वर्षांत सुमारे दुप्पट होते, बारा वर्षांत चौपट आणि अठरा वर्षांत जवळजवळ आठपट. ही अठरा वर्षे झाली होती. एका तिकिटाची आठ तिकिटे झाली होती, आणि तेवढ्यात महागाईही आठपट नाही तरी बरीच पुढे गेली होती.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्या दिवशी मीच राहायला हवं होतं.”

थोरला म्हणाला, “तुम्ही गेलात म्हणून तर तो फोटो आहे.”

मग त्याने निर्णय सांगितला. या वेळी कोणीच राहणार नाही. पेढी दोन दिवस बंद.

हे ऐकून बाजारात काही जणांच्या भुवया उंचावल्या. हंगामात पेढी बंद, म्हणजे घरात काही अशुभ झाले की काय, अशी विचारपूस झाली. आठ दिवस आधी शेतकऱ्यांना निरोप गेले. आलेला माल आधीच तोलून गोदामात लागला. हमालांना आणि तोलाईदारांना दोन दिवसांचा मेहनताना देण्यात आला. कारण सुट्टी मालकाची आणि उपास हमालाचा, असे होता कामा नये. दारावर पाटी लागली. सोमवारी आणि मंगळवारी पेढीवर कोणी नव्हते. बुधवारी सर्व शेतकरी परत आले. एकही गेला नव्हता.

खोपोलीला उंचीची पट्टी होतीच. थोरल्याची सहा वर्षांची मुलगी टाचा उंचावून मोठ्या पाळण्यासाठी प्रयत्न करत होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी चाकाच्या खुर्चीतून म्हणाल्या, “गुडघे सरळ. टाचाही खाली.” सगळे हसले, मुलीला त्यातले काही कळले नाही.

आत शिरल्यावर थोरल्याने सवयीने सर्वांच्या पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या आणि तो एका बाकावर जाऊन बसला. प्रत्येक कुटुंबात असा एक माणूस असतो. तो सामान सांभाळतो, आणि त्याला पाळण्यात बसायला आवडत नाही असे हळूहळू सर्वांनी धरून चाललेले असते. पहिला पाळणा झाला, दुसरा झाला. मग धाकटा भाऊ आला आणि न बोलता पिशव्या उचलून अण्णांच्या पायाशी ठेवू लागला.

“दादा, आता तू जा.”

“सामान?”

“आम्ही आहोत की,” अण्णा म्हणाले. “जा.”

रुळांवरून धावणाऱ्या त्या गाडीला स्वतःचे इंजिन नसते. साखळी तिला पहिल्या उंच चढावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचे सारे चढउतार ती त्या एका चढावर मिळालेल्या भांडवलावर पार करते; घर्षणात थोडे थोडे खर्चत जाते, म्हणून पुढचा कोणताही चढ पहिल्याइतका उंच बांधता येत नाही. चढताना थोरल्याला हे आठवले की नाही, कोण जाणे. उतरताना त्याला काहीच आठवले नसावे. खाली अण्णांनी नातवाचा मोबाइल मागून घेतला होता. त्यांना तो नीट वापरता येत नसे. तरी एक फोटो निघाला: केस उडालेले, डोळे मिटलेले, तोंड उघडे.

संध्याकाळी सहाला, ऊन असतानाच, वाहनतळावर चादर अंथरून सर्वांनी दशम्या खाल्ल्या. आजींनी आपल्या वाट्याची अर्धी दशमी थोरल्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “त्या वेळी दूध उतू गेलं होतं, ते मला आप्पांनी सांगितलं होतं.”

नवे पान

परत आल्यावर थोरल्याने घरच्या वहीत आपल्या खात्याच्या नावे बाजूला खोपोलीचा आपला खर्च लिहिला. उरलेल्या रकमेतून हमालांच्या दोन दिवसांच्या मेहनतान्याचा काही भाग भागवला. दोन्ही बाजू जुळल्या. खाली त्याने ‘बाकी निरंक’ असे लिहिले आणि दोन आडव्या रेघा मारल्या.

व्यापारी घरात कर्तव्य म्हणून पुष्कळ गोष्टी सोडल्या जातात आणि त्या सोडणाऱ्याचे कौतुकही होते. पण कौतुक ही पावती नव्हे. घरातील कोणी जागा सोडली, तर ती जागा कोणाची होती हे कोठेतरी लिहिलेले असावे आणि दरवर्षी एकदा वाचले जावे. आप्पांना पाळण्यात बसण्याचा उपयोग अखेरपर्यंत पटला नाही. तरीही पंधरा वर्षांच्या मुलाचा एक दिवस त्यांनी खर्चात घातला नाही. तो देण्यात ठेवला.

त्या वर्षी पाडव्याला, वीर निर्वाण संवत २५४० च्या नव्या वहीत, बाक्या उतरवताना पहिल्यांदाच ते खाते पुढे आले नाही. त्याच्या जागी पान कोरे राहिले. थोरल्याने थोडा विचार केला, धाकट्या भावाला विचारले, दिनदर्शिका मागवली, आणि पुढच्या मे महिन्यातील दोन तारखा घालून त्या पानावर पहिली ओळ लिहिली: पेढी बंद.